नेटवर्कबाहेरची डोळ्यांची डॉक्टर आणि परत येणारे ४५ डॉलर

आजचा भाग अमेरिकेत नोकरी करणाऱ्या चष्मेवाल्यांसाठी. एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: "माझी डोळ्यांची डॉक्टर उत्तम आहे, तीन वर्षं तिच्याकडेच जातोय. आता कंपनी बदलली आणि नवीन व्हिजन इन्शुरन्सच्या यादीत ती नाही. डॉक्टर बदलू का?"

लगेच नको. आधी हिशोब करू.

पहिली गोष्ट म्हणजे व्हिजन इन्शुरन्स नावालाच इन्शुरन्स आहे. खरं तर ते वर्षभराचं कूपन आहे. पगारातून दरमहा थोडे डॉलर कापले जातात, बदल्यात वर्षातून एकदा तपासणी आणि फ्रेम, काचा किंवा कॉन्टॅक्ट लेन्ससाठी ठरावीक रक्कम. तुमच्या कार्डावर बहुधा व्हीएसपी किंवा आयमेड असं काहीतरी लिहिलेलं असेल.

नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे गेलात की छोटा कोपे भरायचा आणि बाहेर पडायचं. बाहेरच्या डॉक्टरकडे गेलात तर सगळं बिल आधी आपण भरायचं, मग क्लेम टाकायचा आणि कंपनी त्यातले काही पैसे परत देते. हे "काही" टक्क्यांत नसतं, ठरलेला आकडा असतो. व्हीएसपीच्या अनेक प्लॅन्समध्ये तो साधारण असा दिसतो: तपासणीचे ४५ डॉलरपर्यंत, फ्रेमचे ७० पर्यंत, साध्या एका नंबरच्या काचांचे ३० पर्यंत. काही प्लॅन्समध्ये नेटवर्कबाहेर शून्य मिळतं. म्हणून एचआरच्या पोर्टलवरून बेनिफिट समरीची पीडीएफ काढा आणि "आउट ऑफ नेटवर्क" हा रकाना बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ती पीडीएफ कोणी उघडत नाही!

समजा तुमच्या डॉक्टरची तपासणी १५० डॉलरची आहे. ४५ परत आले, म्हणजे १०५ खिशातून. नेटवर्कमध्ये कोपे समजा १५ असता. म्हणजे ही डॉक्टर टिकवण्याची किंमत वर्षाला ९० डॉलर. माझ्या मते मायनस सहा-सात नंबर असेल, किंवा डॉक्टर काहीतरी वर्षानुवर्षं बघत आलेली असेल, तर ९० डॉलर जास्त नाहीत. साधा मायनस एक असेल तर मी सरळ नेटवर्कमध्ये जाईन.

चष्म्याचं गणित मात्र वेगळं. नेटवर्कमध्ये फ्रेमसाठी १५० डॉलरच्या आसपास मिळत असतील आणि बाहेर ७०, तर चष्मा तिच्याच दुकानातून का घ्यायचा? तपासणी तिच्याकडे करा, नंबरचा कागद घ्या आणि चष्मा नेटवर्कमधल्या दुकानात बनवा. बऱ्याच प्लॅन्समध्ये तपासणी आणि चष्मा हे दोन वेगळे हक्क असतात, त्यामुळे हे चालतं. तरी एकदा फोन करून विचारून घ्या.

"कागद देतील का?" द्यावाच लागतो. एफटीसी या सरकारी संस्थेचा आयग्लास रूल १९७८ पासून आहे: नंबर काढून झाला की तुम्ही न मागता प्रिस्क्रिप्शनची प्रत द्यायची, वेगळे पैसे न घेता. कॉन्टॅक्ट लेन्ससाठी २००३ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे फिटिंग पूर्ण झाल्यावर कागद मिळतो. एक मेख आहे. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, कागदावर लिहिण्याची सक्ती या केंद्राच्या नियमात नाही. चष्मा ऑनलाइन मागवायचा असेल, किंवा सुट्टीत पुण्याला जाऊन लक्ष्मी रोडला बनवायचा असेल, तर पीडी लिहून मागा. नाही दिली तर चष्मा बनवणारा मोजतोच, पण ऑनलाइनवाल्यांची पंचाईत होते.

आता क्लेम. कार्ड स्वाइप केल्याची चिठ्ठी चालत नाही. पावतीवर तुमचं नाव, तारीख, डॉक्टरचं नाव आणि प्रत्येक गोष्टीची वेगळी रक्कम हवी. काउंटरवरच "आयटमाइझ्ड रिसीट" मागून घ्या, नंतर फोन करत बसू नका. फोटो काढून वेबसाइटवर चढवता येतो. क्लेमला मुदत असते, त्यामुळे त्याच आठवड्यात उरकून टाका. आणि लक्षात घ्या, नेटवर्कबाहेर तपासणी केली तरी त्या वर्षाची तपासणी वापरली गेली. खिशातून गेलेले १०५ एफएसए किंवा एचएसएमधून भरता येतात. परत आलेले ४५ मात्र तिथे पुन्हा दाखवायचे नाहीत.

रिसेप्शनवर काय विचारता तेही महत्त्वाचं. "माझा इन्शुरन्स घेता का?" असं विचारलं की उत्तर बहुतेकदा "हो" येतं, कारण ते कागदपत्रं भरून देतात एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. प्लॅनचं पूर्ण नाव सांगून "या प्लॅनच्या इन-नेटवर्क आहात का?" असं विचारा.

आता ज्यासाठी खरं तर हा भाग करायचा होता, ते सांगतो. व्हिजनचं कार्ड नंबर काढण्यासाठी आणि चष्म्यासाठी आहे. डोळ्याच्या आजारासाठी तुमचा नेहमीचा मेडिकल इन्शुरन्स असतो. डोळे आले, काही घुसलं, काचबिंदू निघाला, मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा तपासायचा आहे, तर मेडिकलचं कार्ड पुढे करायचं. गंमत म्हणजे तीच डॉक्टर व्हिजनच्या नेटवर्कबाहेर आणि मेडिकलच्या नेटवर्कमध्ये असू शकते. अशा वेळी तपासणीचं बिल मेडिकलकडे जातं, डिडक्टिबल लागू होतं आणि नंबर काढण्याचे पैसे बहुधा आपल्यालाच द्यावे लागतात.

जास्त मायनस नंबरवाल्यांनी हे नीट ऐका. डोळ्यात वीज चमकल्यासारखं वाटलं, अचानक खूप काळे ठिपके तरंगायला लागले, किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं झालं, तर रेटिना सुटत असू शकतो, आणि जास्त मायनस नंबर असलेल्यांना हा धोका जास्त असतो. तेव्हा नेटवर्कची यादी उघडून बसायचं नाही. डॉक्टरला लगेच फोन करून लक्षणं सांगा, ते त्याच दिवशी बघत नसतील तर इमर्जन्सी रूम गाठा. गाडी स्वतः चालवू नका.

श्रोत्याला उत्तर: तुमचा नंबर मायनस सात आहे असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टर ठेवा, चष्मा दुसरीकडून घ्या. आणि पुढच्या ओपन एनरोलमेंटला कंपनी दुसरा व्हिजन प्लॅन देते का बघा. त्यात ही डॉक्टर असेल तर ९० डॉलरही वाचतील.

पुढच्या भागात दातांचा इन्शुरन्स. भेटू.