कागदावर न उतरलेली कामगिरी



जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेने अमेरिकेच्या यादवी युद्धाशी मराठी वाचकाचा धागा जुळला. परंतु त्या युद्धात गुलाम केवळ सोडविले गेले असे नव्हे. सोडविणाऱ्यांतही ते होते. हॅरिएट टबमन या त्यांपैकी एक.

मेरीलँड राज्यात १८२२ च्या सुमारास गुलाम आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. लहानपणी, मुकादमाने दुसऱ्यावर भिरकावलेले लोखंडी वजन त्यांच्या डोक्यात बसले आणि एकाएकी गुंगी येण्याची व्याधी जन्माची जडली. १८४९ साली त्या पळाल्या व पुढे पुनःपुन्हा परत जाऊन सुमारे सत्तर जणांना त्यांनी बाहेर काढले. एवढे सर्वश्रुत आहे.

१८६२ साली त्या दक्षिण कॅरोलिनातील ब्यूफोर्ट येथे उत्तरेच्या फौजेच्या तळावर गेल्या. दिवसा इस्पितळात शुश्रूषा करावी आणि रात्री विक्रीसाठी खाद्यपदार्थ भाजावेत, असा क्रम. फौजेचा शिधा त्यांना मिळे. पण इतर मुक्त गुलामांच्या मनात असूया येऊ लागताच तो त्यांनी सोडला. मौज अशी की, तेथल्या गुलामांची बोली त्यांना कळेना आणि त्यांचे बोलणे ऐकून ते लोक हसत. प्रांतोप्रांती विखुरलेल्या मराठी मंडळींना यात नवल वाटणार नाही. बाईंनी मग नदीनाल्यांची खडान्‌खडा माहिती असलेले स्थानिक वाटाडे हाताशी धरले. शत्रूने पाण्यात सुरुंग कोठे पेरले आहेत, हे त्या वाटेने समजले.

या माहितीच्या बळावर १ जून १८६३ च्या रात्री कर्नल जेम्स माँटगोमेरी यांच्या हाताखालील सुमारे तीनशे सैनिक, बहुतेक कृष्णवर्णीय, बोटींतून कंबाही नदीत शिरले. टबमनबाई सोबत होत्या. पहाटे भोंगे वाजताच भातशेतांतून गुलाम धावत सुटले. कोणाच्या डोक्यावर चुलीवरून उतरवलेले वाफाळते भाताचे भांडे, कोणाच्या खांद्यावर डुकराचे पिल्लू, पाठीशी पोरे. कोठारे जाळली गेली. सातशेहून अधिक माणसे मुक्त झाली आणि त्यांतील शंभराहून अधिक पुरुष फौजेत भरती झाले.

युद्ध संपल्यावर मोबदल्याचा प्रश्न आला. हेरगिरीच्या कामाची हजेरी ठेवली जात नाही. त्यात बाई निरक्षर. त्यांचे चरित्र सेरा ब्रॅडफर्ड यांनी १८६९ साली लिहिले, पण सरकारी दप्तराला चरित्र पुरेसे नव्हते. सरकारकडे तीस वर्षांहून अधिक काळ खेटे पडले. १८९५ साली महिना ८ डॉलर मंजूर झाले, तेही दिवंगत सैनिकाची विधवा म्हणून! १८९९ मध्ये ते २० झाले, ते शुश्रूषेच्या नावाने. कंबाहीच्या मोहिमेबद्दल निवृत्तिवेतन कधीच मिळाले नाही. मेरीलँडने त्यांना ब्रिगेडियर जनरलचा मरणोत्तर हुद्दा दिला, तो ११ नोव्हेंबर २०२४ रोजी.

हाती येई तो पैसा बाईंनी राखला नाही. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावी निराधार वृद्ध कृष्णवर्णीयांसाठी घर व्हावे, हा त्यांचा ध्यास होता. १९०८ साली ते उघडले. १० मार्च १९१३ रोजी, तेथेच आश्रयाला असताना, त्यांचे निधन झाले.