बाळू पालवणकर : कौशल्याची किंमत आणि माणसाचे मोल

(चंद्रपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच चंद्रपुरात आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्याच्या सव्वा वर्ष आधी, ४ जुलै १९५५ रोजी, मुंबईत एका वृद्ध क्रिकेटपटूचे निधन झाले होते. तरुण आंबेडकरांना ज्याचा अभिमान वाटला आणि १९३७ साली जो त्यांच्याच विरुद्ध निवडणुकीस उभा राहिला, तो हा माणूस. त्याचे नाव बाळू पालवणकर. तेंदूपत्ता आणि बांबू यांवर पोट भरणाऱ्या जिल्ह्यांत क्रिकेटची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. कथा खेळाची असली तरी प्रश्न श्रमाचा आहे. कष्टकऱ्याचे कौशल्य सिद्ध झाले म्हणजे त्याला त्याचा हक्क आपोआप मिळतो काय?

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात चाकरीला होते. पुण्यातील पारशी क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे ही बाळूंची पहिली नोकरी. वेतन दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले, तेथे चार रुपये मिळू लागले. कॅप्टन ग्रेग हा नामांकित गोरा फलंदाज सरावासाठी इतरांच्या आधी येई आणि बाळू त्याला चेंडू टाकीत. ग्रेगला बाद केले की आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. त्या सरावातून डावखुऱ्या मंदगती फिरकीचा एक थोर गोलंदाज घडला. परंतु शेकडो तास गोलंदाजी करणाऱ्या या तरुणाच्या हाती बॅट मात्र कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे ही मजुरी होती आणि फलंदाजी हा साहेबांचा विलास होता. श्रमविभागणीचा याहून बोलका धडा अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल.

पुढे पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवावयाचे होते, तेव्हा त्यांना बाळूंची गरज भासली. काही सवर्ण सभासदांनी विरोध केला, पण विजयाचा मोह मोठा ठरला. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ होत नव्हता, कपाला होत होता. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खाण्यापिण्यास संकोच कसला, असे न्यायमूर्ती रानडे यांनी त्या मंडळींना बजावल्याचे सांगतात.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याचे ते प्रमुख गोलंदाज झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाची कामगिरी सामान्य ठरली, परंतु बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. परतल्यावर दलित वर्गाने मुंबईत त्यांचा सत्कार केला. त्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता.

गुणवत्तेचा यापेक्षा निर्विवाद पुरावा कोणता? तरीही संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे कधीच सोपविले गेले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. नियोजित कर्णधार आजारी असताना त्यांचे बंधू विठ्ठल यांना डावलून नेतृत्व दुसऱ्याकडे देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून खेळण्यास नकार दिला. बळी आणि धावा पाव शतकात जे करू शकल्या नाहीत, ते या नकाराने केले. भाऊ संघात परतले, बाळूंना उपकर्णधारपद मिळाले, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदू संघच विजयी ठरला.

हा अनुभव केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला बेसबॉलच्या वरिष्ठ व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश मिळाला. पण एखाद्या संघाची धुरा कृष्णवर्णीयाच्या हाती येण्यास १९७५ साल उजाडावे लागले, आणि ते पाहण्यास रॉबिन्सन हयात नव्हता. कर्ट फ्लड या खेळाडूने तर, आपल्याला न विचारता दुसऱ्या संघाकडे सोपविले जाणे नाकारून, मालकांविरुद्ध दावा लावला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. परंतु १९७५ च्या अखेरीस एका लवाद-निर्णयाने खेळाडूला आजन्म जखडणारी ती पद्धत मोडली. मैदानात प्रवेश मिळणे वेगळे आणि मैदानाच्या कारभारात वाटा मिळणे वेगळे.

बाळूंचे उत्तरायुष्य सरळ रेषेत गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. ते पुणे कराराच्या बाजूने उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि ते ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी पराभूत झाले. ज्यांनी चहाचे भांडे वेगळे ठेवले त्यांच्याच मनःपरिवर्तनावर त्यांनी भरवसा ठेवला. बाबासाहेबांनी हक्काचा मार्ग धरला. बाळूंना दोष देणे सोपे आहे, पण एका माणसाच्या कर्तबगारीवर सबंध समाजाच्या मुक्तीचा भार टाकणे हा मूळ दोष आहे.

आता आपल्या जंगलाकडे वळू. पान पारखून खुडणारी स्त्री आणि बांबूचे बेट न मरता काठी कशी काढावी हे जाणणारा गोंड शेतकरी, दोघेही कुशल आहेत. पिढ्यानपिढ्या त्यांच्या कौशल्याला फक्त मजुरी मिळाली, कारभार दुसऱ्यांकडे राहिला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हा कोणाच्या गुणवत्तेला मिळालेला पुरस्कार नव्हता. सगळा गाव एकत्र बसून निर्णय घेत राहिला, त्याचे ते फळ होते.

तीन रुपयांच्या मजुरीपासून इंग्लंडच्या मैदानापर्यंत बाळू पालवणकर स्वतःच्या हातांच्या बळावर गेले. त्यापुढचे दार भावांच्या एकत्रित नकाराने उघडले. कार्यकर्त्यांनी त्यांच्या बळींची संख्या विसरली तरी चालेल. १९२० चा तो नकार मात्र विसरू नये.