घरांतील क्षांति

मढच्या कोळ्यांचा दिवस घड्याळापेक्षां भरती-ओहोटीवर अधिक चालतो. डोल जाळें समुद्रांत रोवलेल्या खुंटांना बांधावयाचें, प्रवाह त्याच्या तोंडांत शिरूं द्यावयाचा, आणि पाणी मंदावलें कीं जाळें ओढून घ्यावयाचें. भांगाच्या दिवसांत प्रवाहाला जोर नसतो. मासळी बेताची मिळते. म्हणून नाखवा कांहीं समुद्रावर रागावत नाहीं. परंतु तोच नाखवा रिकाम्या हातांनीं घरीं आला आणि जेवणास थोडा उशीर झाला, तर त्याच्या तोंडून कठोर शब्द निघण्यास वेळ लागत नाहीं. हें एकट्या मढचें नव्हे. वरिष्ठाचें बोलणें दिवसभर निमूटपणें गिळणारा कारकून संध्याकाळीं मुलावर खेकसतो, हें मालाड-अंधेरीच्या कोणत्याही चाळींत दिसेल. परक्यांपुढें आवरलेली जीभ आपल्या माणसांपुढेंच कां सुटते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मढपासून किनाऱ्यानें उत्तरेकडे जाऊं लागलें म्हणजे मनोरी, गोराई, उत्तन हीं गांवें लागतात. पुढें वसईची खाडी, आणि तिच्या पलीकडे सोपारें. प्राचीन शूर्पारक बंदर तें हेंच. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील स्तूप उकलला. बौद्ध ग्रंथांत हें बंदर सुनापरान्त देशांत सांगितलें आहे, आणि भिक्षु पूर्ण हा त्याच देशचा. आपल्या मुलुखांत परत जाण्याची अनुज्ञा त्यानें मागितली, तेव्हां बुद्धानें त्याला विचारलें कीं, तेथील लोक तापट आहेत, त्यांनीं शिव्या दिल्या तर काय करशील? हात उगारला नाहीं हेंच त्यांचें सौजन्य समजेन, असें पूर्ण म्हणाला. मग हाताचा मार, दगड, काठी, शस्त्र, असे एकेक प्रश्न वाढत गेले. पूर्णाचें उत्तर मात्र पालटलें नाहीं. येथें एक गोष्ट सहज नजरेआड होते. पूर्ण परक्या देशांत जात नव्हता. तो आपल्याच लोकांत परत जात होता. क्षांतीची, म्हणजे सहनशील क्षमेची, खरी कसोटी तेथेंच लागते.

ही कसोटी घराच्या उंबऱ्याआंत कशी उतरते, तें वैदेहिकेच्या कथेंत दिसतें. श्रावस्तींतील ही गृहिणी शांत व सौम्य म्हणून नांवाजलेली होती. तिची दासी काली कामांत दक्ष होती. हें सौजन्य बाईच्या स्वभावाचें कीं आपल्या चोख कामाचें, अशी शंका कालीला आली, आणि ती मुद्दाम उशिरां उठूं लागली. पहिल्या दिवशीं कपाळाला आठी पडली, दुसऱ्या दिवशीं कठोर शब्द निघाले, आणि तिसऱ्या दिवशीं अडसराच्या खिळीनें कालीचें डोकें फुटलें. सर्व कांहीं मनासारखें होत असतां जी टिकते ती क्षांति नव्हे, ती केवळ सोय होय.

परंतु या कथेंत रक्त कोणाचें सांडलें, हेंही पाहिलें पाहिजे. मालकिणीच्या रागाची किंमत दासीनें दिली. आपल्याकडे सोशिकपणाचा उपदेश बहुधा सुनेला, धाकट्याला आणि गड्याला केला जातो. सासू, वडील आणि मालक यांना कोणी तो करीत नाहीं. बुद्धानें सिगाल नांवाच्या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, त्यांत हें एकांगीपण नाहीं. पतीनें पत्नीचा मान राखावा, अपमान करूं नये, तिच्याशीं एकनिष्ठ राहावें, घराचा अधिकार तिच्या हातीं द्यावा, वस्त्रालंकार द्यावे, अशीं पांच कर्तव्यें पतीला सांगितलीं आहेत, आणि मग पत्नीला तिचीं. गड्याला शक्तीबाहेर काम देऊं नये, आजारांत त्याची शुश्रूषा करावी, हेंही त्यांत आहे. म्हणून मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला क्षमा शिकविणें हा बुद्धोपदेशाचा विपर्यास होय. ज्याच्या हातांत बळ अधिक, त्याच्यावर क्षांतीचें ऋण अधिक.

हें ऋण फेडण्याचें साधन म्हणजे स्मृति, अर्थात् क्षणोक्षणीं आपल्या मनाकडे ठेवलेलें लक्ष. बांबूवर खेळ करणाऱ्या एका डोंबाऱ्याचा दृष्टांत बुद्धानें दिला आहे. गुरु शिष्याला म्हणाला, तूं मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. शिष्य म्हणाला, आपण दोघांनीं ज्याचा त्यानें तोल सांभाळावा, तरच दोघे सुखरूप उतरूं. बुद्धानें दोन्ही बाजू जोडल्या: स्मृतीनें स्वतःला राखणारा दुसऱ्यालाही राखतो, आणि क्षमा, अहिंसा व मैत्री यांनीं दुसऱ्याला राखणारा स्वतःलाही राखतो. संसार हा असाच दोघांचा बांबू आहे. पुत्र राहुल यालाही बुद्धानें आरशाची उपमा देऊन हेंच शिकविलें कीं, कर्म करण्यापूर्वीं, करीत असतां आणि केल्यानंतर, तें कोणाला दुःख देणारें आहे काय, हें पाहात जावें.

मढच्या उत्तरेस गोराई येथें विपश्यनेचा भव्य पॅगोडा उभा आहे. ८ फेब्रुवारी २००९ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. सुमारें २८० फूट व्यासाच्या त्याच्या घुमटाखालीं एकही खांब नाहीं, आणि ८००० माणसें तेथें एकत्र ध्यानास बसूं शकतात. ब्रह्मदेशांत वाढलेले सत्यनारायण गोएंका यांनीं १९६९ सालीं हिंदुस्थानांत येऊन जी साधना शिकविली, तिचें मर्म साधें आहे: श्वासाकडे व शरीरांतील संवेदनांकडे समतेनें पाहणें. राग येतो तेव्हां श्वास जलद होतो, छातींत ऊब दाटते. हें वेळींच ज्याला दिसलें, त्याला बोलण्यापूर्वीं एका श्वासाची सवड मिळते. तेवढ्या सवडींत पुष्कळ घरें वांचतात.

घुमटाखालची शांतता मोठी खरी, परंतु तिची परीक्षा खाडी ओलांडून घरचें दार उघडल्यावर होते. त्या दारांत कोणी दिवसभर शिणून उभें असतें, आणि पहिला शब्द कसा निघेल याची वाट पाहात असतें. भांगाच्या दिवशीं समुद्राला जेवढी क्षमा मिळते, तेवढी त्या माणसाला मिळाली, तरी क्षांतीचा अभ्यास सुरू झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.