‘ट्रायल अँड एरर’ लिहिताय? मग हे ऐकाच!

आजचा विषय तीन शब्दांचा आहे : ट्रायल अँड एरर. बोलताना आपण हे सर्रास वापरतो. पण प्रोजेक्ट रिपोर्ट, नोकरीचा अर्ज किंवा ईमेल लिहायला बसलो की याच तीन शब्दांत गडबड होते.

सगळ्यात आधी स्पेलिंग. ट्रायल म्हणजे टी, आर, आय, ए, एल. घाईत ‘आय’ आणि ‘ए’ची अदलाबदल झाली की होतं ट्रेल. म्हणजे पायवाट! सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना हा शब्द चांगला माहीत आहे. गंमत म्हणजे, ट्रेल हाही बरोबर शब्द असल्यामुळे साधा स्पेलचेक बऱ्याचदा लाल रेघ मारतच नाही. म्हणून हा शब्द डोळ्यांनीच तपासायचा.

दुसरी गोष्ट, या तीन शब्दांना शक्यतो हात लावायचा नाही. ‘ट्रायल्स अँड एरर्स’ नाही, ‘ट्रायल बाय एरर’ नाही आणि आधी ‘अ’सुद्धा नाही. सरळ लिहा : ‘वुई फाउंड द राइट टेम्परेचर बाय ट्रायल अँड एरर.’ ‘बाय’च्या जागी ‘थ्रू’ही चालतं. हाच शब्दसमूह दुसऱ्या नामाचं विशेषण झाला, तर मध्ये दोन छोट्या आडव्या रेघा, म्हणजे हायफन द्यायचे : ‘अ ट्रायल-अँड-एरर मेथड’. इथला ‘अ’ मेथडचा आहे, तो चालतो.

आणि ‘हिट अँड ट्रायल’? आपल्याकडे गणिताच्या तासाला हे हमखास ऐकू येतं. भारतात समजतंही. पण बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना ‘ट्रायल अँड एरर’च लिहा. ‘हिट अँड मिस’ तर वेगळंच प्रकरण आहे. त्याचा अर्थ, कधी जमतं, कधी फसतं.

आता मुद्द्याचं. स्पेलिंग बरोबर आलं तरी शब्द योग्य जागी पडला का?

डी.एड., बी.एड. करणाऱ्यांनी ‘प्रयत्न-प्रमाद’ हा शब्द वाचला असेल. तो याचाच मराठी अवतार. त्यासोबत नाव येतं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांचं. 1898 मध्ये त्यांचे मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. भुकेलं मांजर पेटीत, खाणं बाहेर. मांजर ओरबाडायचं, चावायचं, धडपडायचं आणि कधीतरी चुकून दार उघडणारी कळ दाबली जायची. पुन्हा पुन्हा तेच केल्यावर निरुपयोगी धडपड कमी होत गेली आणि बाहेर पडायला लागणारा वेळही घटत गेला.

म्हणजे या शब्दांत दोन गोष्टी आहेत. आधी उत्तर माहीत नव्हतं आणि चुकलेलं सोडत, जमलेलं धरत आपण पुढे गेलो.

समजा, तुम्ही झाडांना आपोआप पाणी देणारा प्रोजेक्ट केलाय. कोरड्या मातीचं रीडिंग घेतलं, ओल्या मातीचं घेतलं आणि त्यावरून पंप कधी सुरू करायचा ते ठरवलं. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं, ‘बाय ट्रायल अँड एरर’. वाचणाऱ्याला काय वाटणार? अंदाजपंचे आकडे टाकून बघितले! म्हणजे तुमच्याच मेहनतीचं श्रेय तुम्हीच घालवलंत. तिथे ‘वुई मेझर्ड’, आम्ही मोजलं, असं लिहा.

उलट, खरंच वेगवेगळे आकडे टाकून पाहिले असतील तर ते लपवू नका. त्यात कमीपणा नाही. फक्त पुढे एक वाक्य जोडा : काय बदलून पाहिलं, काय फसलं आणि शेवटी काय ठेवलं. इंटरव्ह्यूमध्ये पुढचा प्रश्न बहुतेक यावरच येतो. उत्तर आधीच लिहिलेलं असेल तर तुम्ही गडबडणार नाही.

तर सेंड दाबण्याआधी तीन गोष्टी बघा : ‘आय’ आधी आहे ना, हायफन हवेत का आणि आपण खरंच चाचपडत शिकलो की मोजूनमापून?

भाग आवडला तर रिपोर्ट लिहीत बसलेल्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, लिहीत राहा!