काशीतील पहिला दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्या.

सासूबाईंना काशी करायची होती. ह्यांना दुकान सोडता येईना. दोन वर्षे नुसते "पुढच्या महिन्यात" चालले होते. शेवटी मीच म्हटले, "मी नेते." म्हणून तर बसले, पण जळगावच्या पलीकडे एकटी मी कधी गेले नव्हते. "आईला सांभाळ," एवढेच हे म्हणाले.

भुसावळला सकाळी गाडीत बसलो, ते दुसऱ्या दिवशी पहाटे काशीला उतरलो. गोदौलियापर्यंत रिक्षा मिळाली, पुढे पायी. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून बैल आला तर आपण कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचे! त्याच गल्लीत कचोरी तळणे चाललेले, त्याच गल्लीतून "राम नाम सत्य है" म्हणत माणसे प्रेत घेऊन जातात, आणि कचोरीवाल्याचा झारा थांबत नाही. मला कसेसेच झाले. सासूबाई मात्र हात जोडून म्हणाल्या, "त्याला काशी मिळाली."

दशाश्वमेध घाटावर स्नान केले. गंगा येथे उत्तरेकडे वाहते, त्यामुळे घाटावर उभे राहिले की सूर्य समोर पाण्यावरच उगवतो. मग विश्वनाथाच्या दर्शनाला गेलो. देवळात मोबाईल नेता येत नाही. फुलवाल्याच्या दुकानातील कप्प्यात दोघींचे मोबाईल ठेवले, किल्ली मी कमरेला खोचली. दर्शन क्षणभरच झाले. मागून लोंढा आला, मी एका दाराने बाहेर पडले, आणि पाहते तो सासूबाई नाहीत!

भगिनींनो, तो पाऊण तास मी विसरणार नाही. वय अठ्ठ्याहत्तर, पायात चप्पल नाही, हिंदी येत नाही, जवळ फोन नाही. ह्यांना काय तोंड दाखवू? एका पोलीस भगिनीला मी रडत सांगितले, "मेरा सासू खो गया!" ती बिचारी आधी सासरे शोधू लागली.

२०२१ साली देवळापासून गंगेपर्यंत मोठे आवार मोकळे केले आहे. तेथे आम्ही शोधत निघालो. आणि तेथे अहिल्यादेवींच्या पुतळ्यासमोर सासूबाई मांडी घालून बसलेल्या, जपमाळ हातात! मी रागावणार होते, पण शब्दच फुटेना. त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्या गर्दीत ओळखीची हीच एक दिसली. माझ्या माहेरची. म्हटलं, इथेच बसावं, तू येशीलच."

सासूबाईंचे माहेर जामखेड तालुक्यातले, चौंडीजवळचे. अहिल्यादेवी चौंडीच्याच. आजचे विश्वनाथाचे देऊळ त्यांनी १७८० साली बांधले. कळसावरचे सोने पंजाबच्या रणजितसिंह महाराजांचे. शाळेत हे वाचले होते, परीक्षेपुरते. त्या दिवशी मात्र मी बाईंच्या पायांवर डोके ठेवले. नवरा, मुलगा, सासरा सगळे गेलेली बाई, महेश्वरात बसून एवढ्या दूर देऊळ उभारते, आणि मी भुसावळहून दोन तिकिटे काढताना घाबरले होते!

दुपारी नावेतून घाट पाहिले. मणिकर्णिकेच्या चिता, शेजारचे कललेले रत्नेश्वराचे देऊळ, पुढे पंचगंगा घाट. एकनाथमहाराजांचे भागवत पुरे झाले ते ह्याच काशीत, १५७३ साली. नावाडी भाव दुप्पट सांगतो, तेव्हा बसण्याआधी ठरवून घ्यावे.

संध्याकाळी गंगेच्या आरतीला मी सासूबाईंच्या पदराला माझ्या पदराची गाठ मारून बसले. शेजारची बंगाली बाई हसली. हसू दे!

काशीत आवडती वस्तू सोडायची असते. मी चहा सोडायचे ठरवले होते, पण सकाळचा प्रसंग आठवून तो पुढे ढकलला. सासूबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन वांगे सोडले. वांगे त्यांना मुळीच आवडत नाही, हे पंचवीस वर्षे स्वयंपाक करून मला ठाऊक आहे. पण मी काही बोलले नाही. त्या आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणून आजही जास्त बोलत नाही.