उपकारी विषाणू : पोकेरस आणि वऱ्हाडातील घाटेअळी

काल्पनिक प्राणी पकडून त्यांना झुंजीसाठी तयार करण्याच्या ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ गेममध्ये, १९९९ साली जपानमध्ये आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या आवृत्त्यांपासून पुढच्या बऱ्याच आवृत्त्यांत, पोकेरस नावाचा एक विषाणू आढळतो. झुंजीनंतर त्याची लागण होण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये ३ इतकी विरळ असते. मात्र एकदा लागण झाली की ती शेजारच्या प्राण्याकडेही जाते आणि लागण झालेल्या प्राण्याला झुंजीतून मिळणारे कसबाचे गुण दुप्पट होतात. काही दिवसांनी संसर्ग थांबतो, लाभ तेवढा टिकतो. तथापि या गुणांची कमाल मर्यादा विषाणूमुळे वाढत नाही, आणि जो झुंजत नाही त्याला तो काहीच देत नाही. म्हणजे हा विषाणू सामर्थ्य देत नाही, केवळ वेळ वाचवतो.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता आणि खेळाची कल्पना त्यातूनच स्फुरली. त्यामुळे खऱ्या जगातला उपकारी विषाणू किड्यांतच शोधणे अप्रस्तुत ठरू नये. तो अमरावती-अकोल्याच्या शिवारात सापडतो. हरभऱ्याचे घाटे पोखरणारी, तुरीच्या शेंगांत आणि कपाशीच्या बोंडांतही शिरणारी जी घाटेअळी, तिलाच ग्रासणारा ‘एचएएनपीव्ही’ हा विषाणू कीडनियंत्रणासाठी फवारला जातो. त्याचे कण प्रथिनांच्या सूक्ष्म स्फटिकांत बंद असतात. फवारलेले पान अळीने खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात हे स्फटिक विरघळतात, मोकळा झालेला विषाणू पेशीपेशींत वाढतो, अळी मलूल होऊन झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि तेथेच डोके खाली करून लटकलेल्या अवस्थेत मरते. तिची कातडी फाटून ओघळणारा द्रव खालच्या पानांवर पडतो आणि ती पाने खाणाऱ्या पुढच्या अळ्यांना लागण होते. माणसाला, गुराढोरांना किंवा मधमाशीला त्याची बाधा होत नाही.

या विषाणूची मात्रा मोजण्याचे एककही अळीवरूनच ठरले आहे : एक ‘एलई’ म्हणजे पूर्ण वाढलेल्या एका रोगट अळीतून मिळतो तेवढा विषाणू, आणि हेक्टरी साधारण २५० ते ५०० एलई वापरतात. मेलेल्या अळ्या वेचून, पाण्यात वाटून, फडक्यातून गाळून शेतकरी स्वतःही हे द्रावण करू शकतो. उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी सायंकाळी करतात आणि द्रावणात थोडी नीळही मिसळतात.

मात्र अळी मरायला चार ते सात दिवस लागतात आणि मोठी अळी तोवर घाटे खातच राहते. रासायनिक फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी मेलेल्या अळ्या पाहण्याची सवय झालेल्या शेतकऱ्याला हा विलंब औषध वाया गेल्यासारखा वाटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. अळ्या लहान असतानाच, फुलोऱ्याच्या सुमारास, फवारणी झाली नाही तर त्याची शंका खरीही ठरते.