न उघडलेली फाइल
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



“तू नेमकं करतेस काय गं?” असं सकाळपासून चहाच्या रांगेत चौघींनी विचारलं. इमारतीत ऊन किती शिरतं, एसीला वीज किती लागते आणि ती कमी कशी करायची, याचा हिशेब मी करते. पत्र्याच्या वर्गात एप्रिलची परीक्षा दिलेल्यांना याहून जास्त सांगायला नको.

इंजिनिअर झाले तेव्हा वाटलं, सुटलो अभ्यासातून! 2007 मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोची ईसीबीसी, म्हणजे इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता आली. ती मन लावून वाचली आणि त्या शिदोरीवर दहा वर्षं काढली. 2017 ला सुधारित संहिता आली. फाइल उतरवून घेतली, डेस्कटॉपवर ठेवली आणि ती तिथंच राहिली. साइट, बिलं, मुलीची दहावी. कारणं तुम्हालाही पाठ आहेत.

त्याच काळात एका लहान रुग्णालयाचं काम केलं. वॉर्ड पश्चिमेला, मालकांना मोठी काच हवी. मी ‘इतक्या चौरस फुटांना एक टन’ या जुन्या अंदाजानं एसी काढले. पहिल्याच मे महिन्यात दुपारी चारला गेले, तर सगळे एसी सुरू आणि खिडकीजवळच्या खाटा भिंतीकडे सरकवलेल्या. एका आजींनी काचेवर चक्क लुगडं बांधलं होतं. माझ्या हाताखालचा मुलगा हळूच म्हणाला, “मॅडम, नव्या संहितेत काचेचं काय दिलंय?”

त्या रात्री फाइल उघडली. आपलं शहर यादीत उष्ण-कोरड्या हवामानात. उत्तर सोडून इतर बाजूंच्या काचेतून उन्हाची जेमतेम 27 टक्के उष्णता आत यावी, अशी मर्यादा. माझ्या साध्या काचेतून तीन चतुर्थांशाहून जास्त येत होती! एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तेच ऊन काचेबाहेर अडवलं तर वीज लागतच नाही. आजींना हे कळलं होतं. मग बाहेरून झडपा बसवल्या. खर्चातला वाटा मी उचलला, पण त्या रुग्णांची ती दुपार काही परत देता आली नाही.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार सकाळी सहा ते पावणेसात वाचन. फोन स्वयंपाकघरात. सगळं वाचत नाही. एकच तक्ता घ्यायचा आणि आपण पूर्वी केलेल्या एखाद्या इमारतीवर मांडून बघायचा. चुका तिथंच सापडतात. आपण मराठी माध्यमाचे, त्यामुळे वेग बेताचा. ‘फेनेस्ट्रेशन’ या शब्दापाशी मी एकदा तासभर अडले होते. निघालं काय, तर खिडक्या, झरोके! आता समासात मराठीत लिहिते. भिंतींच्या जाडीबद्दल, पाण्याच्या गारव्याबद्दल वाचलं की पाणचक्कीला जाते. हौदाखालच्या त्या दालनात उन्हाळ्यात उभं राहिलं की चार पानं आपोआप समजतात.

घरांसाठी 2018 ला ‘इको निवास संहिता’ आली. बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला 15 वॅट. ती मात्र लगेच वाचली आणि आमच्याच फ्लॅटवर मांडली. उत्तर जास्त आलं. घरी दोन दिवस बोलले नाही, कारण फ्लॅट मीच पसंत केला होता. सध्या 2024 ची संहिता टेबलावर आहे, अर्धी झालीय.

सर, एकक लिहिलं नाही म्हणून तुम्ही मला भोपळा दिला होता, आठवतं? फ्लॅटचं उत्तर 17 आलं. वॅट प्रति चौरस मीटर.